विद्यार्थ्यांनी चालवलेलं संशोधन नियतकालिक: लेख कोण वाचतं आणि पुढच्या बॅचला काय मिळतं?

पानटीप

नमस्कार मंडळी,

विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी स्वतः चालवायच्या संशोधन नियतकालिकावर इथे एकदा सविस्तर बोलावं असं बरेच दिवस मनात होतं. एम.ए.ला असताना मी आमच्या विद्यापीठातल्या अशा एका वार्षिकाच्या संपादक मंडळात होतो. समाजशास्त्र, इतिहास आणि राज्यशास्त्र या तीन विभागांची मुलं मिळून ते काढतात. आता पीएच.डी. चालू आहे आणि त्याच वार्षिकासाठी मी लेखांचं परीक्षण करतो. त्यामुळे दुसऱ्या विद्यापीठांतल्या मुलामुलींचे फोन येत असतात. पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, आयएसएसएन कसा काढायचा?" (म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक.) दुसरा, "यूजीसीच्या यादीत कसं जायचं?" (म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीत.) आलेला लेख कोण वाचणार आणि लेखकाला काय कळवणार, हा प्रश्न फार उशिरा येतो. मला तोच पहिला वाटतो.

आधी यादीचं सांगून टाकतो, म्हणजे तो विषय संपेल. यूजीसीने मान्यताप्राप्त नियतकालिकांची जुनी यादी केली होती. विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांपैकी १,००९ नियतकालिकं पुण्यातल्या अभ्यासकांनी तपासली आणि २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापले. ८८ टक्क्यांहून जास्त नियतकालिकं निकृष्ट दर्जाची असू शकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. कुठे पत्ता नाही, कुठे संपादकांची नावं नाहीत, कुठे आयएसएसएन चुकीचा, कुठे इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या लेखांचा इतरांनी किती दाखला दिला याचा आकडा) खोटा. त्यानंतर यूजीसीची 'केअर' ही नवी यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केल्याचं जाहीर केलं. कुठलं नियतकालिक चांगलं हे ठरवण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि अभ्यासकांवर आहे. पीएच.डी.साठी प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही अटही यूजीसीच्या २०२२ च्या नियमांतून गेली. काही विद्यापीठं स्वतःच्या नियमात ती ठेवतात, तो भाग वेगळा. सांगायचं एवढंच की ज्या यादीसाठी सगळी धावपळ चालायची ती आता उरलेली नाही. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकासाठी ही चांगली वेळ आहे असं मी मनापासून मानतो.

दुसरी गोष्ट, गरज वाढली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चार वर्षांच्या पदवीत 'ऑनर्स विथ रिसर्च' घेणाऱ्याला चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. एम.ए.चे प्रकल्प आहेत, 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी केलेली पोस्टर्स आहेत. गावोगावी फिरून, मुलाखती घेऊन, आकडे गोळा करून मुलं हे करतात. मग तो स्पायरल बाइंडिंगचा गठ्ठा विभागाच्या कपाटात जातो आणि पुन्हा बाहेर येत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीच्या उगमावरचा निबंध ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये वाचला, तेव्हा ते विद्यार्थीच होते. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला. सेमिनारमध्ये वाचलेला निबंध छापून आला, म्हणून तो आज आपल्या हातात आहे.

आता मुख्य मुद्दा, परीक्षण.

आमच्याकडे प्रत्येक लेख दोघं वाचतात. एक त्याच विषयातला वरच्या वर्गातला किंवा पीएच.डी. करणारा विद्यार्थी, दुसरा वेगळ्या विभागातला. दुसरा मुद्दाम बाहेरचा, कारण आपल्या विभागात जे सगळ्यांना पाठ असतं ते लेखात सांगायचं राहिलंय हे बाहेरच्यालाच दिसतं. लेखकाचं नाव काढून फाइल पाठवतो. नाव काढणं म्हणजे पहिल्या पानावरचं नाव खोडणं एवढंच नव्हे. वर्डच्या फाइलच्या माहितीत नाव असतं, समासातल्या कॉमेंट्सवर असतं, 'मी माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे' या वाक्यात असतं, ऋणनिर्देशात गाईडचं असतं. हे सगळं तपासायला एक माणूस नेमलेला असतो.

परीक्षणाचं पत्र कसं असावं ते नमुन्याने सांगतो. समजा, बीडकडच्या ऊसतोड कामगार बायकांवर लेख आलाय. एक पत्र असं:

"विषय महत्त्वाचा आहे. मांडणी सुधारावी. संदर्भ अपुरे आहेत. भाषा तपासावी."

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची मुलगी हे वाचून काय करणार? दुसरं पत्र असं:

"पान ६ वर तुम्ही म्हणता की उचल (मुकादमाकडून आगाऊ पैसे) घेतली की कुटुंबाला गाव सोडण्यावाचून पर्याय राहत नाही. पण पान ११ वर तुमच्याशी बोललेल्या दोन बायका सांगतात की उचल घेऊनही त्या एका हंगामात गेल्या नाहीत. मग मुकादमाने पैसे कसे वसूल केले? पुढच्या वर्षी त्यांना टोळीत घेतलं का? तुमच्या टिपणांत हे असेल तर लेखाचा गाभा तिथे आहे. तसंच 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे पहिल्यांदा वापरता तिथेच सांगा, नाहीतर पान ८ वरचा मजुरीचा हिशोब बाहेरच्या वाचकाला लागणार नाही. आणि गावाचं नाव, मुकादमाचं आडनाव, साखर कारखाना हे तिन्ही एकत्र छापू नका. बाई कोण ते तालुक्यात लगेच कळेल."

हे लिहायला परीक्षकाला लेख दोनदा वाचावा लागतो, एखादी अख्खी संध्याकाळ जाते. पण असं पत्र हातात पडलेली मुलगी पुढचा लेख वेगळ्या तऱ्हेने लिहिते. लेख नाकारला तरी हे पत्र जायलाच हवं, यावर मी ठाम आहे. तीन ओळींचा नकार पाठवणारं मंडळ विद्यार्थ्यांचं म्हणवून घेण्याच्या लायकीचं नाही.

दुसरा मुद्दा वारशाचा. आमचे संपादक दर दोन वर्षांनी पासआउट होतात. एक जोरदार बॅच येते, झकास अंक काढते, निघून जाते आणि पुढच्यांना ईमेलचा पासवर्डही माहीत नसतो. त्यावर आमच्याकडे तीन गोष्टी रुळल्या आहेत. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक संपादकासोबत पहिल्या वर्षाचा एक उपसंपादक असतोच. ईमेल, ड्राइव्ह, डोमेन यातलं काहीही कुणाच्या वैयक्तिक नावावर नसतं. आणि एक तक्ता असतो: लेख कधी आला, कोणाकडे गेला, उत्तर कधी आलं, निर्णय काय, लेखकाला कधी कळवलं. तक्ता भरलेला असेल तर नवा संपादक आठवड्यात काम उचलतो.

वेळापत्रकही परीक्षा बघून लावतो. जुलैत आवाहन, सप्टेंबरअखेर लेख, दिवाळीच्या सुट्टीत परीक्षण, जानेवारीपर्यंत लेखकांच्या दुरुस्त्या, मार्चच्या आत अंक. एप्रिल उजाडला की कुणी फोन उचलत नाही.

ज्यांनी असं काही चालवलंय, त्यात लिहिलंय किंवा सुरू करायचं म्हणताय, त्यांनी लिहा. विज्ञान आणि कायद्याच्या बाजूचे अनुभव वाचायला आवडतील.

---

कोकमसार

वाचनखूण साठवली आहे. पुढच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

---

ग्रंथपाल_मिरज

उत्तम धागा. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं, म्हणून आयएसएसएनबद्दल लिहितो.

आयएसएसएन म्हणजे आठ अंकी ओळख क्रमांक. आपल्याकडे तो दिल्लीतल्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो आणि त्याला फी नसते. 'आयएसएसएन काढून देतो, एवढे हजार द्या' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. छापील अंकाला एक क्रमांक आणि ऑनलाइनला वेगळा. नियतकालिकाचं नाव मोठ्या प्रमाणात बदललं तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, तेव्हा नाव आधीच विचार करून ठेवा. हा क्रमांक दर्जाचा शिक्का नव्हे. पाककृतींच्या मासिकालाही तो मिळतो. एखाद्या नियतकालिकाने छापलेला क्रमांक खरा आहे का, हे आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर फुकट पाहता येतं.

नोंदणीचंही विचारतात. २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. त्यातल्या 'नियतकालिक' या व्याख्येतून शास्त्रीय, तांत्रिक आणि शैक्षणिक स्वरूपाची जर्नल्स वगळली आहेत. तरी कॉलेजच्या कार्यालयाकडून एकदा खात्री करून घ्या.

ऑनलाइन काढायचं तर 'ओपन जर्नल सिस्टिम्स' हे मोफत सॉफ्टवेअर आहे, कॅनडातल्या 'पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट'चं, २००१ पासूनचं. लेख जमा होण्यापासून परीक्षण आणि प्रकाशनापर्यंत सगळं त्यात होतं. पण ते स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं की वेळोवेळी अपडेट करावं लागतं. ते करणारा मुलगा पासआउट झाला की वर्षा-दोन वर्षांत त्या साइटवर भलत्याच जाहिरातींच्या लिंका दिसू लागतात. माणूसबळ नसेल तर विभागाच्या पानावर साधी पीडीएफ ठेवा आणि प्रत्येक लेखाची प्रत 'झेनोडो'वर चढवा. 'सर्न' ही संस्था ते चालवते, पैसे लागत नाहीत आणि प्रत्येक लेखाला डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, मिळतो. डोमेनचे पैसे भरायचे राहून गेले आणि सगळे जुने अंक गायब झाले, असं व्हायला नको असेल तर हे पहिल्या अंकापासून करा.

---

वऱ्हाडी_वकील

नागपूरहून रामराम. कायद्याच्या शिक्षणात ही परंपरा फार जुनी आहे. 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' १८८७ पासून विद्यार्थीच चालवतात. लेख निवडायचे, तपासायचे, संपादित करायचे ते विद्यार्थ्यांनी, आणि लेखक मात्र प्राध्यापक, न्यायाधीश, वकील. १८९० मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस यांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख त्यात आला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्या निकालपत्रात या लेखाची चर्चा आहे. लेख छापला तेव्हा ते नियतकालिक जेमतेम तीन वर्षांचं होतं. आपल्याकडे बंगळुरू, कोलकाता इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतले विद्यार्थीही चांगली लॉ रिव्ह्यू चालवतात.

आमच्याकडे खालच्या वर्षाच्या मुलांना सुरुवातीला एकच काम असतं, तळटिपा तपासणं. लेखकाने निकालपत्राचा परिच्छेद ४७ म्हटलंय ना, मग निकालपत्र उघडायचं, परिच्छेद ४७ काढायचा, लेखक म्हणतो तेच तिथे आहे का ते वाचायचं. दीडशे तळटिपा असल्या तर दीडशे वेळा. कंटाळवाणं वाटतं, पण निकालपत्र कसं वाचायचं हे मला वर्गापेक्षा तिथे जास्त कळलं.

एक धोक्याची सूचना. अमेरिकन लॉ रिव्ह्यूंना एकच लेख एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवता येतो, तो तिथला रिवाज आहे. इतर विषयांत तसं केलं तर तो गैरप्रकार धरतात. कायद्याचा विद्यार्थी समाजशास्त्राच्या नियतकालिकाला लेख पाठवतो तेव्हा हे त्याच्या गावी नसतं. आवाहनात ठळक लिहा.

---

उन्हाळवाट

पानटीप दादा, 'गठ्ठा कपाटात जातो' हे अगदी खरं.

माझा अनुभव लिहिते. एम.कॉम.ला असताना माझा प्रकल्प एका ऑनलाइन जर्नलला पाठवला. तिसऱ्या दिवशी 'अभिनंदन, तुमचा लेख स्वीकारला' असं आलं आणि सोबत पैसे भरायची लिंक. आईकडून पैसे घेऊन भरले. लेख जसाच्या तसा छापला, माझ्या तक्त्यातली बेरीज चुकलेली तीही तशीच. प्रमाणपत्र मात्र रंगीत आलं. नंतर मुलाखतीत एका मॅडमनी तोच तक्ता उघडून बेरीज विचारली. एका जरी माणसाने तो लेख आधी वाचला असता तर तिथेच सापडलं असतं.

तुमच्या वार्षिकात बाहेरच्या विद्यापीठातलं कुणी लिहू शकतं का?

---

पानटीप

उन्हाळवाट ताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. असे पैसे गेलेल्या मुली आणि मुलं खूप आहेत, कुणी बोलत नाही. दोन-तीन दिवसांत स्वीकार आणि लगेच पैशांची लिंक, याचा अर्थ लेख कुणीही वाचलेला नाही. 'इम्पॅक्ट फॅक्टर' नावाचा आकडा बघून तर अजिबात हुरळून जाऊ नये. त्या नावाचा मूळ आकडा क्लॅरिव्हेट ही संस्था काढते, तिच्या यादीत नियतकालिक नसेल तर मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो, त्याला अर्थ नाही.

हो, बाहेरचे विद्यार्थी आमच्याकडे लिहू शकतात. कुठलीच फी नाही. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाने लेखकाकडून एक रुपयाही घेऊ नये, असं माझं मत आहे.

---

निवृत्त_मास्तर

धागा वाचला. मुलांचा उत्साह स्तुत्य आहे, पण काही शंका मांडतो. पस्तीसएक वर्षं पदव्युत्तर वर्गांना शिकवलं आहे. बी.ए.च्या लेखाचं परीक्षण एम.ए.च्या विद्यार्थ्याने करायचं, याला खोली कुठून येणार? ज्याला त्या विषयातलं जुनं लेखन ठाऊक नाही, तो 'हे नवीन आहे' असं कशाच्या बळावर म्हणेल? आपल्याकडे 'मराठी संशोधन पत्रिका', 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका' अशी नियतकालिकं आहेत. विद्यार्थ्यांनी आधी तिथे छापण्याच्या तोडीचं लिहायला शिकावं. प्रत्येक विभागाने वेगळी चूल मांडायची गरज आहे का?

---

पानटीप

सर, तुमची शंका रास्त आहे. जुनं लेखन माहीत नसणं हा विद्यार्थी परीक्षकाचा मोठा तोटा आहे, त्यावर पांघरूण घालत नाही. म्हणून सल्लागार मंडळ हवंच. मुक्त नियतकालिकांची 'डीओएजे' ही आंतरराष्ट्रीय सूची आहे. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या नियतकालिकाच्या सल्लागार मंडळात निदान दोघं पीएच.डी. किंवा समकक्ष असावेत, अशी तिची अट आहे. आमच्याकडे 'हे आधी कुणी केलंय का' एवढा एकच प्रश्न घेऊन प्रत्येक लेख सल्लागारांकडे जातो. निर्णय मंडळच घेतं.

पण 'आधी तिथे छापण्याच्या तोडीचं लिहायला शिकावं' हे शिकायचं कुठे, सर? वर्गात उत्तरपत्रिका लिहायला शिकवतात. प्रकल्पाला मार्क मिळतात, पण पान ६ आणि पान ११ एकमेकांशी भांडतायत हे कुणी सांगत नाही, कारण एकेका गाईडकडे ढीगभर प्रकल्प असतात. तुम्ही सांगितलेल्या नियतकालिकांत आमच्या मुलांचे लेख जावेत हीच इच्छा आहे. त्या वाटेवरची ही पहिली पायरी आहे. आणि परीक्षण करणारा मुलगा लेखकापेक्षाही जास्त शिकतो, हे मी दरवर्षी पाहतोय.

---

रुमाल_क्रमांक

इतिहासाचा विद्यार्थी आहे, मोडी वाचतो, आमच्या विद्यापीठाच्या अशाच अंकासाठी संदर्भ तपासतो. परीक्षणाइतकंच संदर्भांचं काम महत्त्वाचं आहे, म्हणून दोन ओळी.

पेशवे दफ्तरातल्या कागदाचा दाखला देताना बरीच मुलं नुसतं 'पुणे पुराभिलेखागार' असं लिहून मोकळी होतात. तिथे कागदांचे ढीगच्या ढीग रुमालात बांधलेले आहेत. रुमाल क्रमांक दिला नाही तर तो कागद पुन्हा कुणालाही सापडणार नाही. आम्ही लेखकाकडून रुमाल क्रमांक, कागदाची तारीख जशी लिहिली आहे तशी, आणि मोडीतून केलेलं लिप्यंतर तिन्ही मागतो. लिप्यंतर परिशिष्टात छापतो. एका लेखात सारावसुलीचा आकडा अर्धाच आला होता. मोडीत रक्कम वाचताना लेखकाने खूण चुकीची धरली होती. लिप्यंतर मागितलं म्हणून ते अंक छापायच्या आधी सापडलं.

आणि आता नवीन संकट. एआयकडून लिहून घेतलेल्या लेखात अस्तित्वातच नसलेली पुस्तकं संदर्भ म्हणून येतात. लेखक खरे, प्रकाशक खरा, पुस्तक मात्र कधी निघालेलंच नाही. उपाय साधा आहे. संदर्भयादीतले कुठलेही पाच निवडायचे आणि लेखकाला सांगायचं, ज्या पानाचा दाखला दिलाय त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून पाठव. ज्याने पुस्तक हातात घेतलंय तो दुसऱ्या दिवशी पाठवतो.

---

झुआरीकाठ

गोव्याहून लिहितेय. आमच्याकडे भाषेचा प्रश्न लगेच येतो. इंग्रजीत लेख घेतले की चांगलं फील्डवर्क केलेली मुलं मागे पडतात, कारण मुलाखती मराठीत नाहीतर कोंकणीत झालेल्या असतात आणि इंग्रजीत आणताना त्यातला जीव जातो. माझं म्हणणं, लेख मराठीत असला तर मराठीतच छापा आणि वर दीडशे शब्दांचा इंग्रजी सारांश द्या. मुलाखतीतलं वाक्य मात्र बाई जशी बोलली तसंच राहू दे, अर्थ खाली द्या.

दुसरी कटकट फाँटची. अजूनही काही डीटीपीवाले जुन्या फाँटमध्ये अंक लावतात. कागदावर देखणा दिसतो, पण त्या पीडीएफमधून शब्द कॉपी केला की अगम्य अक्षरं येतात. गूगलला तो लेख दिसत नाही आणि वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरलाही नाही. युनिकोडशिवाय लेख घेऊच नका.

---

ग्रंथपाल_मिरज

झुआरीकाठ ताईंना दुजोरा. युनिकोडमध्येही एक खाचखळगा आहे. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे खाली टिंब असलेलं स्वतंत्र अक्षर वापरलेलं असतं, दुसऱ्यात साधा र, पाय मोडल्याची खूण आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखेच, पण फाइलमध्ये एक शोधला की दुसरा सापडेलच असं नाही. शेतीवरच्या लेखांत हा शब्द पानोपानी असतो, म्हणून संपादकांनी अंक लावण्याआधी सगळीकडे एकच रूप करून घ्यावं.

तसंच वाङ्मयचौर्याचे यूजीसीचे २०१८ चे नियम मंडळाने एकदा वाचावेत. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य क्षम्य, त्यापुढे ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि त्याच्या वर अशा पायऱ्या आहेत. पण टक्क्यांवर विसंबू नका. सात टक्क्यांतही एखादा अख्खा निष्कर्ष उचललेला असू शकतो, आणि पंचवीस टक्के नुसती कायद्याची कलमं असू शकतात. अहवाल उघडून रंगवलेली वाक्यं वाचावी लागतात.

---

पेट्रीडिश

मी सध्या जर्मनीत जीवशास्त्रात पीएच.डी. करतोय, बी.एस्सी. आणि एम.एस्सी. महाराष्ट्रात. विज्ञानाची बाजू मांडतो.

आमच्याकडे पहिली अडचण ही की माहिती विद्यार्थ्याच्या एकट्याची नसते. प्रयोगशाळा गाईडची, अनुदान गाईडचं, आधीचं काम सिनियरचं. त्यामुळे गाईडची लेखी परवानगी घेतल्याशिवाय लेख घेऊ नका. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे आणि मुलांना कुणी सांगत नाही. एकदा लेख तुमच्या नियतकालिकात छापला की तोच पुढे मोठ्या जर्नलमध्ये देता येत नाही, तो आधी प्रसिद्ध झालेला मानला जातो. ज्या प्रयोगातून उद्या मोठा पेपर निघणार आहे तो इथे देणं विद्यार्थ्याच्या नुकसानीचं ठरू शकतं. संपादकाने स्वीकारण्याआधी हे फोन करून स्पष्ट सांगावं.

मग विज्ञानाच्या मुलांनी काय द्यावं? एखाद्या पद्धतीचा नीट लिहिलेला अनुभव, न जमलेल्या प्रयोगाची नोंद, एखाद्या टेकडीवरच्या झाडांची मोजदाद, आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारा लेख. मोठी जर्नल्स न जमलेले प्रयोग सहसा घेत नाहीत, आणि पुढचा विद्यार्थी तोच प्रयोग त्याच चुकीने पुन्हा करतो. अमेरिकेतलं 'जर्नल ऑफ यंग इन्व्हेस्टिगेटर्स' १९९७ पासून पदवीचे विद्यार्थी चालवतायत, त्यांच्या परीक्षणाच्या सूचना वाचून बघा.

आणि लेखकांच्या नावांबद्दल. मी केलेल्या कामावर एका ठिकाणी ज्यांनी मसुदा वाचलाही नव्हता त्यांचं नाव पहिलं गेलं होतं, तेव्हा बोलायची सोय नव्हती. तुमच्या नियतकालिकात कोणी काय केलं हे लेखाच्या शेवटी छापा. कल्पना कोणाची, मोजमापं कोणी घेतली, मसुदा कोणी लिहिला. 'क्रेडिट' नावाची चौदा भूमिकांची तयार यादीच आहे. फॉर्ममध्ये हे भरणं सक्तीचं असलं की विद्यार्थ्याला तोंड उघडावं लागत नाही, फॉर्मच बोलतो.

---

वऱ्हाडी_वकील

पेट्रीडिश, फॉर्मची सूचना उचलतोय, आमच्या मंडळापुढे ठेवतो.

पानटीप, संपादकांच्या स्वतःच्या लेखांचं काय करता? आमच्याकडे यावरून दरवर्षी वाद होतो.

---

पानटीप

मंडळात असेपर्यंत आपल्या अंकात लेख द्यायचा नाही, इतकं सोपं ठेवलंय. आधी 'दुसऱ्या संपादकाने हाताळावा' असा नियम होता. पण एकाच हॉस्टेलवर राहणाऱ्यांमध्ये तो कागदावरच राहतो. संपादकाला संपादकीय आणि पुस्तक परीक्षण लिहिता येतं. लेख द्यायचा असेल तर मंडळ सोडल्यानंतर, इतरांसारखा रांगेत.

नाव झाकण्याबद्दल एक राहिलं. लहान विभागात नाव काढूनही लेखक कळतो. अमुक तालुक्यातल्या पारधी वस्तीवर कोण काम करतंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. अशा लेखासाठी दोन्ही परीक्षक दुसऱ्या विद्यापीठातले शोधतो. म्हणून या धाग्यावरून परीक्षक मिळाले तर मोठी मदत होईल. समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, लोकसंस्कृती यांपैकी काही वाचणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वर्षाला एक लेख, तीन आठवडे वेळ.

---

निवृत्त_मास्तर

माझं नाव लिहून घ्या. लोकसंस्कृती आणि ग्रामीण समाजरचना. मात्र लेख छापील प्रतीत पाठवा, पडद्यावर फार वेळ वाचवत नाही. पत्र मी हाताने लिहीन, टाइप तुम्ही करून घ्या.

---

पानटीप

सर, नक्की. टाइप करायला आमच्या उपसंपादकांपैकी कुणालाही आनंदच होईल. व्यनित पत्ता कळवा.

---

नवखी_संशोधक

सगळा धागा वाचला. मी एम.ए. दुसऱ्या वर्षाला आहे, सोलापूर भागातल्या विडी कामगार बायकांवर प्रकल्प केलाय. ८० पानं झालीत. त्याचा लेख करायचा म्हणजे नक्की काय करायचं? पानं कमी करत गेले की सगळंच महत्त्वाचं वाटतं.

---

पानटीप

नवखी, पानं कमी करत बसू नकोस. कोरी फाइल उघड.

८० पानांत तुला स्वतःला आश्चर्य वाटलं अशी एखादी गोष्ट असेल. विडीचा पत्ता म्हणजे तेंदूची पानं कमी पडली की घट कुणाच्या अंगावर टाकतात, किंवा तयार विड्यांतून 'छाट' म्हणून किती बाजूला काढतात आणि त्याचे पैसे मिळतात की नाही, किंवा कामाचं कार्ड एकीच्या नावावर आणि विड्या वळते तिची सून, असं काहीतरी. तुला काय सापडलं ते तुलाच माहीत. ती गोष्ट पहिल्या परिच्छेदात लिही. मग ती तुला कशी कळली: किती जणींशी बोललीस, कुठे, कुणाच्या ओळखीने, बोलताना कारखान्याचा माणूस शेजारी होता का. मग त्या एका गोष्टीला लागेल तेवढीच माहिती ८० पानांतून उचल.

'संशोधनाची व्याख्या', 'उद्दिष्टे', 'गृहीतके' ही प्रकरणं लेखात जशीच्या तशी नकोत. सोलापूरचा पौराणिक काळापासूनचा इतिहासही नको. तक्ते सगळे घेऊ नकोस, एक किंवा दोन पुरे, आणि बेरजा दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. चार ते पाच हजार शब्दांत बसेल. बायकांची नावं बदल आणि वस्तीचं नाव द्यायचं की नाही हे त्यांना विचारून ठरव.

उरलेल्या पानांतून पुढे आणखी एक लेख निघेल, ती फेकू नकोस. पहिला मसुदा गाईडना दाखव आणि सप्टेंबरच्या आत पाठव. वर्डची युनिकोड फाइल, नाव वेगळ्या पानावर.

---

उन्हाळवाट

नवखी, मी वाणिज्यची आहे, तुझे तक्ते मला पाठव. बेरजा मी तपासून देते.